राखेची पुरचुंडी

मुयुंदा, ही धर.
जुन्या मोज्यात बांधलेली राख.
मोपानेच्या लाकडाची, फडक्यातून दोनदा गाळलेली.
बोटाने टिचकी मार. हलकीच.
बघ कुठे जाते.
आपल्या तोंडावर आली तर चाल पुढे,
रेड्याकडे गेली
तर आपण आलोय हे त्याला सांगून झालं.

उद्या पाणी गुडघ्यापर्यंत असेल.
आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पूर आलाय.
अंगोलाच्या डोंगरात जानेवारीत पडलेला पाऊस
आता जूनमध्ये पोचतोय क्वांदोतून चालत चालत,
वाटेत बेटाबेटाची विचारपूस करत.
त्याला घाई नसते.
त्याला कुठे दिवसाचे पैसे भरावे लागतात?

पाहुण्याला भरावे लागतात.
फरशांचा कारखाना आहे त्याचा, स्पेनमध्ये.
ऑरेलियो. माणूस वाईट नाही.
मला विचारत होता, सिमासिकू, तुझ्या घरात फरशी कसली?
म्हटलं, वारुळाच्या मातीची.
तर त्याने वहीत लिहून घेतलं.

शेणात बोट घालून बघायला लाजू नकोस.
वरून कोरडं, आत कोमट, म्हणजे तासाभरापूर्वीचं.
बगळे एका जागी घिरट्या घालतात ते बघ.
खुराच्या खड्ड्यात पाणी गढूळ असेल
तर डेटलेफच्या दंडाला नुसता हात लाव.
बोलू नकोस. खोकला आला तर गिळ.

मग बार होईल.
तेव्हा रेड्याकडे बघायला सगळे असतात,
तू ऐक.
कोरडी फांदी मोडल्यासारखा आवाज आला तर खांदा,
घरी गेल्यावर भात जास्त शिजवा.
ओल्या चटईवर काठी मारल्यासारखा आला
तर पोट.
आणि तो लव्हाळ्यात शिरणार.

त्यानंतर वीस मिनिटं.
पाहुणा तीन सिगारेटी ओढतो,
डेटलेफ काडतुसं मोजतो, परत मोजतो.
मी काही करत नाही.
हे काही न करणं शिकायला
मला नऊ वर्षं लागली.

मग पाहुण्याला वारुळावर उभं करतात
आणि आत आपण जातो.
बंदूक डेटलेफकडे. तो मागे.
पुढे तू. काठी, डोळे, आणि हा मोजा.
लव्हाळं डोक्याच्या वर असतं तिथे,
हिरव्या भिंतीला कान लावून चालल्यासारखं.
रक्त पानाच्या कुठल्या बाजूला लागलंय ते बघ.
तो पळून जात नाही, लक्षात ठेव.
तो वळसा घेतो आणि स्वतःच्याच मागावर येऊन थांबतो.

लोकांना मी सांगतो
की लिकांदोकाकाकडची राख त्या दिवशी संपली होती.
तुझ्या आईलाही तेच सांगितलंय.
संपली नव्हती.
अर्धा मोजा भरलेला होता, मीच काढला त्याच्या खिशातून.
वारा फिरला, एवढंच.

संध्याकाळी नसिलेले वजनकाटा झाडाला टांगेल.
चौतीस घरं, प्रत्येकाचं नाव, पुढे किलो.
ज्यांचा मका पाणघोड्यांनी तुडवला त्यांना थोडं जास्त,
त्यावरून भांडण, दरवर्षीचं.
डोकं मिठात जाईल.
शिंगांना इंचाची पट्टी लागेल, पाहुणा दोनदा मोजायला लावेल,
आणि कुणीतरी तुझ्या हातात कॅमेरा देईल:
तेव्हा फोटो नीट काढ, तुझ्या बक्षिशीचा प्रश्न आहे.
तू त्यात नसशील. मीही कधी नव्हतो.

काय बघतोस असा? भीती वाटते?
वाटू दे. ती नसेल त्याला मी सोबत नेत नाही.

चल, गाठ परत बांध, सैल आहे.
आणि उद्या पाण्यात घसरलास तर
हा हात तेवढा वर ठेव.
ओली राख
काही सांगत नाही.